पहिल्या चौकटीतले नाव

"आत्या, संपदा बॅग भरते आहे. माहेरी, देवळ्याला जायची संध्याकाळची गाडी पकडायची म्हणते. तू जाशील का?"

पुण्याहून भाच्याचा, शौनकचा फोन आला तेव्हा मालिनीबाई गुडघ्यांना तेल लावत होत्या. त्यांनी बाटलीला बूच लावले आणि काही न विचारता पंचवटीकडे जाणारी रिक्षा केली. ते २००६ साल होते. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना सात वर्षे झाली होती. मात्र घरातल्यांनी त्यांना अजून निवृत्त केले नव्हते.

धाकटा भाऊ ढुंढिराज झोपाळ्यावर बसला होता. तीन पिढ्यांचे यजमान सांभाळणारा हा तीर्थोपाध्याय आज नजर वर करीत नव्हता.

"किती गेले?"

"बेचाळीस हजार. परस्पर कुठल्याशा खात्यात वळते झाले. बँकेतला साहेब म्हणाला, पासवर्ड अचूक होता. म्हणजे घरातलेच कुणीतरी."

"पासवर्ड कुणाला ठाऊक होता?"

"बँकेचे पाकीट माझ्या कपाटात असते. पण संगणक सूनबाई चालवते. मी त्याला हातसुद्धा लावीत नाही, अक्का."

"तिला तसे बोललास?"

"मी फक्त विचारले."

"सगळ्यांसमोर?"

त्याने पायाने झोपाळ्याला रेटा दिला. मालिनीबाईंना एकाएकी फार थकल्यासारखे झाले.

संपदाने चहा आणला. तिचे डोळे सुजले होते, पण आवाज ताठ होता. "आत्याबाई, पैसे मिळोत न मिळोत. चोर म्हणवून घेऊन मी या घरात राहणार नाही."

"बैस. परदेशातल्या यजमानांची ई-मेलवरची पत्रे तूच वाचून दाखवतेस ना?"

"हो. उत्तरे बाबा सांगतात, मी टाइप करते. मागच्या दिवाळीत बाबांनाही शिकवले. एका बोटाने जमते त्यांना."

ढुंढिराजाने पायाने झोपाळा थांबवला.

कपाखाली वाण्याच्या यादीचा कागद होता. ढुंढिराजाच्या ठळक, वळणदार अक्षरात: 'श्रीगणेशाय नमः. साखर दोन किलो. हिंग.' मालिनीबाईंनी कप उचलून कागद कोरडा केला आणि बाजूला ठेवला.

"आता बँकेची पत्रे दाखव."

संपदाने संगणक लावला. सोमवारचे पत्र इंग्रजीत होते. 'प्रिय ग्राहक, चोवीस तासांत माहिती पडताळून न दिल्यास आपले खाते बंद होईल. खालील दुव्यावर जावे.'

"हे तू उघडलेस?"

"नाही. मी सोमवारी पाहिलेसुद्धा नाही."

"आणि हे मंगळवारचे?"

"ते गणपतीचे आहे, आत्याबाई. 'हे दहा जणांना पाठवा' असली पत्रे रोज येतात. मी उघडतच नाही."

"उघड."

पत्राची सुरुवात इंग्रजी अक्षरांत होती: 'डिअर श्री गणेशाय नमः, आपले खाते पडताळले गेले आहे. धन्यवाद.'

मालिनीबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. तो स्वच्छच होता.

"ढुंढिराज, इकडे ये. एकतीस वर्षे मी खातेदारांच्या सह्या पडताळल्या. ज्या बँकेकडे सहीचा नमुना असतो, ती तो पुन्हा मागत बसत नाही. तसाच पासवर्ड. शिवाय ज्या बँकेच्या पासबुकावर तुझे पूर्ण नाव आहे, ती तुला 'प्रिय ग्राहक' म्हणेल कशाला? संपदा, त्या दुव्यावर नुसता बाण ने. खाली कोणता पत्ता दिसतो?"

"भलताच. बँकेचे नाव त्यात कुठेच नाही."

"म्हणजे पत्र भामट्याचे. तो कुठे बसला आहे हे पोलीस शोधतील, कदाचित नाही शोधणार. पण पासवर्ड त्याला या घरातून मिळाला. त्याच्या पानावर पहिल्या चौकटीत नाव लिहायचे होते. कुणीतरी तिथे देवाचे नाव लिहिले आणि मग खालच्या चौकटी भरल्या. यंत्राला काय कळते? जे वर लिहिले त्यालाच त्याने खातेदार समजून आभार मानले." त्यांनी वाण्याची यादी त्याच्यापुढे सरकवली. "या घरात साखर मागवतानासुद्धा असे कोण लिहितो?"

ढुंढिराजाने यादी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"खाते बंद होईल असे लिहिले होते," ढुंढिराज म्हणाला. "सूनबाई बाजारात गेली होती. मी घाबरलो."

"घाबरलास ते समजते. पैसे गेल्यावर कळले ना, काय झाले ते?"

"कळले."

"आणि तरी तिचे नाव घेतलेस."

"तीर्थावर लोक मला शहाणा समजतात, अक्का."

यावर मालिनीबाईंना पुष्कळ बोलता आले असते. त्यांनी एवढेच सांगितले, "पोलिसांत अर्ज द्यायचा आहे. लिही. तिच्यासमोर."

संपदा दाराशी बॅगेजवळ उभी राहिली. तिने ती उचललीही नाही आणि आतही नेली नाही. ढुंढिराजाने कागद घेतला, सवयीने वर 'श्रीगणेशाय नमः' लिहिले आणि त्याची लेखणी थबकली.

"देवाचे नाव घालून झाले," मालिनीबाई म्हणाल्या. "आता स्वतःचे घाल."