'सन १९७२'मधला मठ्ठा

"आधी आकाशपाळणा!" सत्यम म्हणाला.

"आधी जेवण! मला लई भूक लागलीय!" आदिनाथने पाय आपटला.

"अरे, पोट भरून वर गेलास तर खालच्यांच्या डोक्यावर सडा पडंल!"

"गप्प बसा रे दोघं!" गोदाने दोघांच्याही पाठीत धपाटे घातले. "माय वाट बघतीय. आधी जेवण!"

दिवाळीची सुट्टी होती. चौसाळ्याजवळ महामार्गाला लागून उभ्या राहिलेल्या 'धमालनगरी'त आज कामगारांच्या मुलांना फुकट प्रवेश होता. तेरा वर्षांच्या गोदाने हा दिवस कधीचा हेरून ठेवला होता. दहा वर्षांचा आदिनाथ तिचा भाऊ, तर सत्यम मामाचा मुलगा. गोदाची आई सुरेखा इथल्या खानावळीत स्वयंपाक करायची.

आणि खानावळ तरी कशी! नाव 'सन १९७२'. आत पाऊल टाकलं की लाकडी बाकडी, कंदील, कोपऱ्यात कपाटाएवढा रेडिओ, धोतर नेसलेले वाढपी आणि जिकडे तिकडे पितळेची भांडी. अशी लखलखीत की त्यांत बघून भांग पाडावा! म्हातारी माणसं पाटी वाचून पोट धरून हसायची. "बहात्तरला दुष्काळ होता की रं बाबा! तवा खायाला होतं कुठं?" पण व्यवस्थापक बद्रीनाथ साहेबांना तो आकडा आवडला होता. ते पुण्याला हॉटेलचं शिक्षण घेऊन आले होते, आणि त्यांचा एकच हेका असायचा, "फोटोत उठून दिसलं पाहिजे!"

कोणी कितीही हसो, गोदाचा मात्र या खानावळीवर जीव होता. गेल्या वर्षापर्यंत दिवाळी सरली की त्यांचं बिऱ्हाड ऊसतोडीला निघायचं. मग उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत मुक्काम, पहाटेची थंडी, आणि गोदाची शाळा निम्म्यात बंद. यंदा आईला ही नोकरी लागली आणि गोदाला पहिल्यांदाच आख्खं वर्ष शाळा मिळणार होती. आठवीचं आख्खं वर्ष!

मागच्या ओट्यावर आईने मुलांसाठी पिठलं, भाकरी आणि स्टीलच्या डब्यात मठ्ठा काढून ठेवला होता. आदिनाथने नाक मुरडलं.

"मी बाहेर बसणार. गिऱ्हाइकावानी! त्या पिवळ्या पेल्यातून पिणार!"

"जा बाबा, जा गिऱ्हाईक," आई हसून म्हणाली.

साहेबांच्या रेडिओवर जुनी गाणी चालू होती. आदिनाथने ऐटीत मांडी ठोकली आणि मोठ्या हंड्यातला मठ्ठा मागून मागून प्यायला. शेजारच्या बाकड्यांवर दिंद्रुडहून सहलीला आलेली मंडळी जेवत होती. त्यांच्यातल्या वच्छलाबाई आजींनी एक घोट घेतला आणि पेला बाजूला सरकवला. "कळकलाय मेला!" असं काहीतरी पुटपुटून त्यांनी भाकरीला हात घातला. आदिनाथला बघायला आलेल्या गोदाने ते ऐकलं, पण तिला अर्थ लागला नाही.

जेवणं उरकतात न उरकतात तोच एक मुलगा तोंडावर हात धरून बाहेर पळाला. त्याच्यामागे त्याची बहीण. मग आणखी दोघं. आणि मग आमचे गिऱ्हाईक आदिनाथराव!

"पाळण्यात न बसताच सडा?" सत्यम बोलून गेला, पण भावाचा पांढराफटक चेहरा पाहून गोदा धावली. तिने त्याचं डोकं घट्ट धरून ठेवलं.

नशीब, धमालनगरीत एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सगळ्यांना सावलीत निजवलं, साखर-मिठाचं पाणी घोट घोट पाजलं. धोका नव्हता. पण बद्रीनाथ साहेब मात्र आईवर तुटून पडले, तेही भरल्या खानावळीत!

"नासकं दही वापरतेस? लोकांचा जीव घेतेस? संध्याकाळी शेठ आले की त्यांच्यासमोरच तुला बाहेर काढतो!"

"साहेब, दही ताजं होतं, सकाळीच..."

"तोंड बंद!"

आई खालमानेने मागे आली. रडली नाही. नुसती म्हणाली, "म्हाळू मुकादमाचा ट्रक परवा ऊसतोडीला निघतोय. त्याला फोन लावते. जायाचंच हाय तर आपणच ठरवलेलं बरं."

दप्तर, शाळेतली खिडकीजवळची जागा, मैत्रिणी, सगळं एकदम गोदाच्या डोळ्यांसमोरून गेलं. तिने आईच्या हातातला फोन काढून घेतला.

"माय, शेठ येईपर्यंत थांब. फक्त तेवढंच!"

"तू काय करणारेस, पोरी?"

"ते मला बी ठाऊक न्हाई. पण तुझं दही नासकं नव्हतं!"

सत्यमला घेऊन ती भिंतीमागे आली.

"सत्या, आपण दोघांनी तोच मठ्ठा प्यायला का न्हाई? आपल्याला काय झालं?"

"काहीच न्हाई! मला तर पुन्हा भूक लागलीय."

"दही तेच, मीठ तेच. आपला मठ्ठा स्टीलच्या डब्यात होता, आदूचा पितळेच्या हंड्यात!"

सत्यमचे डोळे विस्फारले. "म्हंजे दह्यात न्हाई, हंड्यात गडबड हाय! चल, बघू!"

पण स्वयंपाकघराच्या दारात साहेब स्वतः उभे होते. "सगळं ओतून द्या! भांडी घासा! शेठना काही दिसता कामा नये!" ते ओरडत होते. हंडा घासला गेला की पुरावा संपला!

"तू आत घूस, मी साहेबाला बघतो," सत्यम कुजबुजला आणि ऐटीत पुढे गेला. "साहेब, साहेब! तुमच्या रेडिओचं बटण कोणतं वो? हे का?"

रेडिओ असा काही किंचाळला की पाळण्यावरची माणसंसुद्धा वाकून बघू लागली! "अरे ए! हात लावू नको! महागडा आहे तो!" साहेब धावले. सत्यम पुढे, साहेब मागे, बाकड्यांभोवती दोघांची शिवाशिवी सुरू झाली.

गोदा वाऱ्यासारखी आत शिरली. हंडा मोरीत होता, सुदैवाने अजून घासलेला नव्हता. तिने आत डोकावलं. बाहेरून पिवळा, तसाच आतूनही पिवळाधमक! आणि मठ्ठा जिथवर होता तिथे हिरवट वर्तुळ. घरी त्यांच्याकडे पितळेचं एक पातेलं होतं, पण ते आतून पांढरं होतं. दर वर्षी गावात कल्हईवाला आला की आई न चुकता पातेल्याला आतून कल्हईचा पांढरा थर लावून घ्यायची. "बिनकल्हईच्या भांड्यात आंबट ठेवलं की कळकतं, इख होतं," असं ती म्हणायची. आजी काय पुटपुटल्या होत्या, ते गोदाला आत्ता उमगलं!

पण मग आईला हे कसं दिसलं नाही? ती धावत ओट्यावर गेली.

"माय, हंडा आतून पिवळा का?"

"पिवळा?" आई दचकली. "मी मठ्ठा करून स्टीलच्या बादलीत देते. हंड्यात ओततात ती वाढपी पोरं, बाहेर, गिऱ्हाइकासमोर. मला तिकडं जायाची परवानगीच न्हाई. आणि भांडी आली तवा समद्यांना कल्हई व्हती, गोदे! मी डोळ्यानं बघितली!"

मग ती गेली कुठे? गोदा पुन्हा आत आली आणि तिने वर पाहिलं. छताला शोभेसाठी शिंकं टांगलेलं होतं, त्यात पितळेचा एक गडू. स्टुलावर चढून तिने तो काढला. धुळीने भरलेला, पण आतून पांढरा! उंचावर होता म्हणून कुणाचा हात तिथवर पोचला नव्हता. तिने तो धुतला. मग हंड्याशेजारचा एक पिवळा गडू घेतला, दोन्हींत डब्यातला उरलेला मठ्ठा ओतला, आणि दोन्ही गडू घेऊन ती ओट्यावर राखण करत बसली. धापा टाकत सत्यम आला आणि त्याने मोरीतला हंडाही उचलून आणला. दोघं जागचे हलले नाहीत. पाळणा डोक्यावर गरगरत होता, पण सत्यमने एकदाही मान वर केली नाही.

उन्हं कलली आणि धमालनगरीचे मालक राधाकिशन शेठ आले. पांढरीशुभ्र टोपी, मागे चार माणसं. साहेबांनी आईला पुढे ओढलं. "हीच ती बाई, शेठ. हिला आत्ताच काढतो."

"थांबा!" गोदा दोन्ही गडू घेऊन मध्ये उभी राहिली. "माझ्या मायचं दही नासकं नव्हतं. हे बघा, दोन्हींत एकच मठ्ठा. कल्हईच्या गडूतला पांढराच हाय आणि बिनकल्हईच्या गडूतला हिरवट पडलाय! या हंड्यात बी तेच झालं!"

"शेठ, ही पोरं नाटक करतायत!" साहेब तडकले.

"नाटक हाय ना? मग साहेब, तुमी हा हिरवा घ्या!" सत्यमने गडू त्यांच्या हातात दिला. "प्या की!"

साहेबांनी गडू तोंडाजवळ नेला. वास आला, तोंड वाकडं झालं, आणि गडू तसाच खाली आला. शेठ त्यांच्याकडे टक लावून बघत होते.

"मुलगी खरं बोलतेय," डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. "उघड्या पितळेत आंबट राहिलं की धातू उतरतो. त्यानेच उलट्या झाल्या."

"भांडी कल्हईची आणली होती. ती कल्हई कुणी काढली?" शेठनी विचारलं.

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. "मीच... कालच मशीनने घासून घेतली. आतून पांढरं दिसत होतं, शेठ! फोटोत ॲल्युमिनियमची भांडी वाटत होती. मला वाटलं, जुना मळ असेल..."

"अहो मळ?" आजारी नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या वच्छलाबाई कडाडल्या. "जुना जमाना दाखवाया निघालाव, आन् कल्हई ठावं न्हाई?"

सगळी खानावळ हसली. शेठ मात्र हसले नाहीत. त्यांनी सगळी पितळेची भांडी तिथल्या तिथे उचलायला लावली, आजारी मंडळींसमोर हात जोडले, आणि मग गोदाकडे वळून म्हणाले, "पोरी, तू नसतीस तर उद्या आणखी किती जण पडले असते! शाबास! आणि तू बी रे, रेडिओवाल्या! बोला, काय बक्षीस देऊ?"

"आकाशपा..." सत्यमने तोंड उघडलं. गोदाने त्याच्या पायावर पाय दिला.

"मायला भरल्या खानावळीत बोलले साहेब. माफी बी भरल्या खानावळीत मागायची."

बद्रीनाथ साहेबांनी शेठकडे पाहिलं. तिथे सुटका नव्हती. मग ते आईसमोर आले, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चूक माझी होती, सुरेखाताई. तुमची नव्हती. मला माफ करा."

दिवसभर न रडलेल्या आईच्या डोळ्यांना आता धारा लागल्या.

"भांडी आता हिच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर यायची नाहीत," शेठनी हुकूम सोडला. "हे स्वयंपाकघर हिचं!"

घरी जायला निघताना आईने पदराने डोळे पुसले आणि फोन लावला. "म्हाळूभाऊ, यंदा तोडीला आमचा कोयता धरू नका. न्हाई येणार आमी. पोरीची शाळा हाय." तिने फोन कमरेला खोचला, निजलेल्या आदिनाथला खांद्यावर घेतलं आणि गोदाकडे वळून डोळे वटारले.

"अन् तुझा सुट्टीचा अभ्यास झालाय का गं?"

न्हाई, गोदाचा अभ्यास झाला नव्हता. पण एवढ्या आनंदाने ती कधीच कुणाला 'न्हाई' म्हणाली नव्हती.