पाच सेंटिमीटरची चोरी

"आवाज असा घुमेल, की दिवेआगरचे खेकडे बिळाबाहेर येऊन विचारतील, काय झालं हो?" आश्लेषा चार दिवस सांगत होती. प्रत्यक्षात प्लायवूडचा तो घरीच बनवलेला भलाथोरला कर्णा सकाळी चाचणीला वाजला, तेव्हा पोरांच्या संध्याकाळच्या नाटकातला समुद्र पडसं झालेल्या बेडकासारखा बोलला!

तिचा मामेभाऊ वरद याने मोबाइलवरून जाड ते बारीक सगळे सूर कर्ण्यातून सोडले, दुसरा मोबाइल तीन हात दूर धरून आलेख काढला. जाड सुरांच्या जागी विहिरीएवढा खड्डा!

आवाज आतल्या तीन फळ्यांना वळसे घालून बाहेर यायचा. वाट आखूड झाली की जाड सूर मेलेच. आश्लेषाने फळ्यांना शाळेची फूटपट्टी लावली.

"आखूड! धर्माजी आजोबा, तुम्ही चुकीचं कापलंत!"

"पोरी, तुझ्याच रेघेवर करवत चालवली," म्हातारे सुतार म्हणाले.

"माझी रेघ बरोबरच होती!" ती अख्ख्या वाडीसमोर ओरडली.

धर्माजींनी करवत पिशवीत घातली नि ते घराकडे चालू लागले.

दुपारी त्यांची नात दुर्गा आली. "आजा जेवला न्हाय. पन्नास वर्सांत कुनी आसं बोललं न्हाय म्हनतो."

आश्लेषाने फूटपट्टी पुन्हा काढली. तिने फळ्या पुन्हा मोजल्या. पहिली पाच सेंटिमीटर आखूड. दुसरी पाच. तिसरीही पाच!

"हात चुकला तर कधी दोन, कधी चार चुकेल," वरद म्हणाला. "दर वेळी पाचच कसे? रेघा आखताना तू मोजलंस कशाने?"

"तात्यांच्या टेपने."

आश्लेषाचे आजोबा तात्या पडवीत सुपारी सोलत होते. "टेप? उत्तम आहे टेप!" ते जरा जास्तच घाईने म्हणाले.

दुर्गाने डोळा मिचकावला. "तात्या, तुमची उंची किती वो?"

"पाच फूट सात! मोजा की!" तात्या छाती काढून भिंतीला टेकले.

"एकशे पंच्याहत्तर सेंटिमीटर!" वरदने टेप वाचली.

"छे! त्यातून पाच वजा कर," तात्या बोलून गेले नि त्यांनी जीभ चावली.

"का बरं, तात्या?" तिघं एका सुरात!

मग सगळं बाहेर पडलं. तात्यांनी टेपने फणस पाडायला घेतला होता. फणस राहिला झाडावर, टेपचं टोक आलं हातात! स्वतः गुपचूप पाच वजा करायचे, पण सांगितलं कोणालाच नाही.

वरद पोट धरून हसला. आश्लेषा नाही हसली. टेपवरचा पहिला आकडाच सहा होता. तिने तो बघितलाच नव्हता, आणि ओरडली मात्र तीच होती.

ती धर्माजींच्या दारात गेली. "आजोबा, चूक माझी होती."

"आता हितं कोन हाय आयकाया?" धर्माजी मान न वळवता म्हणाले. मग पिशवी उचलली. "चल. पोरांचं नाटक हाय."

त्यांनी तिन्ही फळ्यांना पाच-पाच सेंटिमीटरच्या पट्ट्या ठोकल्या. वरदने पुन्हा आलेख काढला. खड्डा गायब!

"आता माइकवर कायतरी बोलून बघा," धर्माजी म्हणाले.

आश्लेषाचे कान लालभडक झाले. तिने माइक घेतला. "मी आश्लेषा. फळ्या मीच चुकीच्या आखल्या. धर्माजी आजोबांनी बरोबर कापल्या. सगळ्यांसमोर त्यांना बोलले, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागते."

शब्द न् शब्द पोफळींवरून समुद्रापर्यंत गेला. किनाऱ्यावर मासळीचं मोजमाप थांबलं. मुरूडच्या होड्यांनी इकडे तोंड वळवलं, असं वाडी अजून सांगते!

"आणि टेप मी तोडली!" तात्या धापा टाकत येऊन माइकमध्ये ओरडले.

धर्माजींनी कर्ण्यावरून हात फिरवला. "झकास केलास गं. कुठं खरखर न्हाय." मग आश्लेषाला जवळ ओढून म्हणाले, "दुर्गे, भूक लागली. ताट वाढ. दोन वाढ."