बोदवडच्या नानांशी दुपारी कोण बोलायचं?

भुतं रात्रीच येतात असं ज्याला वाटतं, त्याने मे महिन्यात जळगावला यावं आणि एक दुपार बघावी.

रस्त्यावर चिटपाखरू नसतं. दुकानांची शटर अर्धी खाली. कुत्रीसुद्धा गटारीच्या ओल्यात पडलेली. अशाच दुपारी हे सगळं सुरू झालं. ऐकीव नाही. ज्याच्यासोबत घडलं तो आतिफ माझ्या शाळेतला मित्र. आजही त्याच ऑफिसात त्याच खुर्चीवर बसतो.

त्याचं ऑफिस एकट्या म्हाताऱ्यांची काळजी घेतं. मुलं पुण्याला, परदेशात. इकडे आईवडिलांना आंघोळ घालायला, औषध द्यायला सकाळ-संध्याकाळ बाई येते. उरलेल्या वेळेसाठी उशाशी एक डबी ठेवलेली असते. आत सिमकार्ड. बटण दाबलं की थेट ऑफिसशी बोलता येतं.

डब्या चालू ठेवणं आणि कोणाची डबी किती वापरली जाते याचा हिशेब बघणं, हे आतिफचं काम.

आई गेल्यापासून तो घरी एकटाच. बहीण अरिबा धुळ्याला दिली. त्यामुळे सुटीच्या दिवशीही तो ऑफिसातच सापडायचा.

तर एकदा कॉम्प्युटर बघताना त्याला बोदवडच्या प्रेमराज नानांची डबी वेगळी दिसली. बाकी म्हातारे मिनिटभर बोलत. नानांची डबी रोज दुपारभर चालू.

फोन घेणाऱ्या पुनमला त्याने विचारलं, "नाना एवढं काय बोलतात गं?"

"नाना? त्यांचा तर महिन्याभरात एकही फोन नाही, आतिफभाई."

मग नाना बोलत कोणाशी होते?

बिघाड असेल, म्हणून त्याने आपल्याकडून नानांची लाईन उघडली. हेडफोन लावला.

आधी नुसती खरखर...

मग झाडू मारल्याचा आवाज. सावकाश. सोबत बांगड्यांची किणकिण...

आणि नाना खुदकन हसले.

"हॅलो, नाना?" आतिफ म्हणाला.

झाडू थांबला.

नानांची बाई तर सकाळीच येऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी तो गाडीने बोदवडला उतरला. ऊन मी म्हणत होतं. दार नुसतं लोटलेलं. आत नाना खाटेवर. रेल्वेत आयुष्य गेलेला माणूस, मूळचे धुळ्याकडचे, आता पाय उचलत नव्हते. घरात दुसरं कोणी नाही.

"नाना, दुपारी कोण येतं तुमच्याकडे?"

"कोनी नही भाऊ. कोन येई?"

"मग बोलता कोणाशी?"

नानांनी डबीकडे बोट केलं. "तुमना हापिसनी बाई. रोज इचारस, नाना, जेवनात का? तिकडे झाडू मारस, इकडे माले आवाज येस."

ऑफिसात बाई एकच. पुनम. आणि झाडायला पहाटे एक म्हातारबुवा येतात.

"पुनम असेल, नाना."

"पुनमले मी वळखस. हाई दुसरी शे. मोठी बाई. नाव इचारं का चूप व्हई जास."

आतिफने डबी हातात घेतली. मागचं झाकण काढलं, सिमकार्ड काढून तळहातावर घेतलं. आता ती डबी म्हणजे नुसतं प्लास्टिक.

तरी लाईन चालू असल्याचा हिरवा दिवा पेटलेलाच होता...

आणि डबीतून आवाज आला. अगदी जवळून. शेजारी बसून कोणी बोलावं तसा.

"नाना, पोराला पाणी द्या. उन्हातनं आलाय."

आतिफच्या हातून डबी खाटेवर पडली.

नाना मात्र खूश. "ऐकं ना? मी खोटं नही सांगत."

"नाना, ही डबी मी घेऊन जातो. नवी देतो."

त्याबरोबर नानांनी त्याचं मनगट धरलं. हात वाळलेला, पण पकड अशी की सुटेना.

"नेऊ नको भाऊ. पोऱ्या रविवारले फोन करस. बाकीना बठ्ठा दिवस मी कोनसंगे बोलू?"

आतिफने कार्ड परत बसवलं. माठातलं पाणी प्यायला आणि निघाला. ऑफिसात सांगितलं, बिघाड होता, दुरुस्त केला.

पावसाळ्यात नाना गेले. झोपेतच. बाई म्हणाली, चेहरा हसरा होता. डबी ऑफिसच्या कपाटात परत आली.

त्याच आठवड्यात अरिबाच्या मुलीचं लग्न. आतिफ धुळ्याला गेला. परत येऊन बघतो तर कपाटात नानांची डबी नाही.

"साहेबांनी पुसून धरणगावला पाठवली," पुनम म्हणाली. "सुंदरबाई म्हणून नवीन आजी आहेत. एकट्याच असतात."

आतिफने कॉम्प्युटर उघडला.

सुंदरबाईंची डबी... दुपारभर चालू.

पुनम जेवायला गेल्यावर त्याने धरणगावला फोन लावला. डबीवर नाही, आजींच्या साध्या फोनवर.

"आक्का, ऑफिसातून आतिफ बोलतोय. तुमची डबी बदलायची आहे."

"काब्र रे भाऊ? चांगली तं शे."

"त्यातून... कोणी बोलतं का?"

"हां, बोलतस ना. तुमना हापिसनी बाई, आन ते नाना. मोठा गमत्या मानूस! रेल्वेमा व्हतू म्हने. मी तं आते पोटभर जेवस. दोन्ही आग्रह करतस."

सुंदरबाईंना नानांबद्दल कोणी सांगितलं असतं? त्या कधी बोदवडला गेल्याच नव्हत्या.

"आक्का, ती डबी बंद करा. आत्ता."

आजींनी ते ऐकलंच नाही बहुतेक. त्या दुसऱ्याच कोणाचं तरी ऐकत होत्या. "हां... हां, इचारस," असं कोणाला तरी म्हणाल्या. मग फोनवर आल्या.

"भाऊ, ती बाई तुनं इचारी ऱ्हायनी. पोऱ्या घर आजून एकलाच ऱ्हास का?"

घरचं आतिफने ना नानांना सांगितलं होतं, ना या आजींना.

"नाही," तो म्हणाला. "घरात माणसं आहेत. भरपूर."



मग सुंदरबाई हळूच म्हणाल्या, लहान मुलाला समजवावं तशा.

"भाऊ... ती म्हनस, तू खोटं बोलस."

हे आतिफने मला आमच्या ओट्यावर बसून सांगितलं. ती डबी अजून धरणगावलाच आहे. बदलली का नाहीस, असं मी विचारलं, तर म्हणाला, आजी पोटभर जेवायला लागल्यात, कशाला तोडू?

"आणि तू? फोन आपटला असशील ना लगेच?"



"नाही रे," तो म्हणाला. "तेच तर. ठेवावासाच वाटेना."