कॉफी गरम होईपर्यंत

व्हायोलिनचा सूर अर्ध्यातच तुटला. शिकवणाऱ्या बाईंच्या लॅपटॉपच्या पडद्यावर विद्यार्थिनीचं तोंड 'आ' करून गोठलं. आज पुन्हा!

"शेजारचा घड्याळवालाच," विणकामातून मान वर न काढता आत्या म्हणाली. "तो आल्यापासूनच सुरू झालंय हे. वायफायला तार नको, दार नको... भिंतीतून जातं. आपलं नेट आणि मजा त्याची!"

बाईंनी पासवर्ड तीनदा बदलला होता. दोन मुलांनी ऑनलाइन शिकवणी सोडली होती. ही पण गेली तर? त्या तरातरा शेजारी गेल्या.

तो डोळ्याला भिंग लावून बसला होता. भिंगातला डोळा भलताच मोठा, भलताच निरागस... बाईंना तेच संशयास्पद वाटलं.

"माझं वायफाय चोरता?"

"मी? अहो, माझा फोन बटणांचा!" त्याने तो दाखवलाही. "कॉफी घेणार? आत्ताच गरम केलीय. कामात विसरतो, गार होते, पुन्हा गरम करतो... दिवसभर हेच."

बाईंनी कॉफी घेतली. उभ्यानेच, संशय न सोडता. दुसऱ्या दिवशीही भांडण, कॉफी. तिसऱ्या दिवशी मात्र त्या बसल्या.

"पण नेट जातं कधी?" त्याने विचारलं.

"मी भांडायला येते त्याच्या जरा आधी. म्हणजे तुम्ही कॉफी गरम करता तेव्हा—"

दोघांनी एकदमच वळून पाहिलं. भिंतीला टेकून त्याचा मायक्रोवेव्ह होता, पलीकडे बरोब्बर तिथेच बाईंचा राउटर.

त्याने मायक्रोवेव्ह लावून पाहिला. "नेट गेलं गं!" पलीकडून आत्या ओरडली.

"दोघांच्या लहरी एकाच जातीच्या," तो ओशाळला. "माझ्या जरा बाहेर गळतात वाटतं."

दुसऱ्या दिवसापासून नेट सुरळीत. सोडून गेलेली मुलं परतली. आठवडा झाला, एकदाही अडखळलं नाही. बाईंना नवाच संशय— कॉफी सोडली की काय? की दुसरं कुणी करून देतंय?

"आता तोंड पाडायला काय झालं?" आत्याने विचारलं.

आणि त्या संध्याकाळी, शेवटची विद्यार्थिनी 'येते बाई' म्हणून गेली आणि... नेट गेलं.

बाईंना चपला घालायचंही सुचलं नाही.

मायक्रोवेव्ह घरघरत होता. टेबलावर दुसरा कप तयार.

"मुद्दाम?"

"मुद्दाम. व्हायोलिन थांबायची वाट बघत होतो." भिंग काढलेले त्याचे डोळे आता साधेच, जरा घाबरलेले. "आठवडाभर गार प्यायलो. पण ते गारपण कॉफीचं नव्हतं... तुम्ही भांडायला येत नव्हता."

बाईंनी खुर्ची ओढली. "उद्या मला सुट्टी आहे," त्या कपाकडे बघत म्हणाल्या. "सकाळपासूनच जाऊ दे नेट."

"अगं, माझी मालिका अडकली!" भिंतीपलीकडून आत्या.

"थांब जरा, आत्या," बाईंनी इकडूनच आवाज दिला, "कॉफी गरम होतेय!"