ओ न दिलेली हाक

मंगळवारी सकाळी ओदिल धक्क्यावर गेली ती मैद्याचं पोतं उतरवून घ्यायला. त्याच बोटीनं नादेज येणार आहे हे तिला आदल्या दिवशीच कळलं होतं, पण वाटेत ज्यानं ज्यानं विचारलं त्याला ती मैद्याचंच सांगत गेली.

जुलैचा महिना होता. आग्नेयेचा वारा सुटला की माहे या मोठ्या बेटावरून सिलुएट या लहान बेटाकडे येणारी बोट नारळाच्या करवंटीसारखी हेलकावे खाते आणि माणसं उतरतात ती तोंड धरूनच. नादेजही तशीच उतरली. पाठीला मोठी पिशवी, अंगात ओदिलच्या मुलाचं, रेमीचं, जुनं जाकीट. अकरा महिन्यांपूर्वी ती याच धक्क्यावर उतरली होती, ती रेमीच्या मातीला. तेव्हा दोघींनी एकमेकींकडे धड पाहिलंही नव्हतं.

धक्क्याच्या कडेला म्हातारा फुल्बेर माडीच्या बाटल्या लावत बसला होता. तो म्हणाला, "ओदिल, सून आली गं तुझी." म्हणाला आणि लगेच खाली मान घालून बाटल्या मोजायला लागला.

 ओदिलनं पोतं डोक्यावर घेतलं आणि चालायला लागली.

जेवायला मसूर होता, मोरी माशाची चटणी होती, नारळाच्या दुधात शिजवलेला नीरफणस होता. नादेज थोडं खायची, थोडं चिवडायची. शेवटी तिनंच विषय काढला.

"मावशी, रेमीचं काम अर्धंच राहिलंय. ते पुरं करायला आलेय मी. मोठी वही मिळाली, पण शेवटच्या मोजण्या त्यात नाहीत."

काम म्हणजे पाकोळ्यांचं. गावामागच्या प्रचंड काळ्या शिळांच्या ढिगात एक गुहा आहे, आणि किडे खाणारी ही लहानशी वटवाघळं तिथं राहतात. ओदिलच्या आजीच्या लहानपणी सांजेला सगळं आभाळ त्यांनी भरायचं म्हणे. आता या गुहेत एकतीस उरली होती, आणि माहेवर दुसऱ्या दोनतीन जागी मिळून जेमतेम तेवढीच. रेमीला एवढंच ठरवायचं होतं की इथली पाकोळी आणि माहेची पाकोळी एकाच जातीच्या, की वेगळ्या. तो एकेकीला जाळ्यात हलकेच धरायचा, कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड मोजायचा, शेपटी पडद्यातून किती बाहेर आलीय ते बघायचा. या पाकोळीची शेपटी दोन पायांमधल्या पडद्याला भोक पाडून वर येते, म्यानातून सुरी डोकवावी तशी. त्यावरूनच तिचं कूळ ठरतं. पण जात ठरवायला हाडं पुरत नाहीत, आवाज ऐकावा लागतो, असं तो म्हणायचा. आणि तो आवाज इतका उंच असतो की माणसाच्या कानाला तो लागतच नाही.

"आवाजावरून ओळखता येतं?" ओदिलनं विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं.

"जात तर येतेच. त्यांना तर एकमेकींचाही ओळखता येतो." नादेजला बोलायला काहीतरी मिळालं तसा तिचा चेहरा जरा उजळला. "पिल्लू भिंतीवर एकटं राहिलं की आईला हाक मारतं. शंभर पिल्लं ओरडत असली तरी आई बरोबर आपल्याच पिल्लाकडे जाते. कधी चुकत नाही. रेमी म्हणायचा की..."

ओदिल ताट उचलून आत गेली. नादेजला वाटलं, रेमीचं नाव काढलं म्हणून.

तसं नव्हतं. गेल्या ऑगस्टमध्ये, त्या दिवशी सकाळी, रेमीनं आईला सांगितलं होतं की डिसेंबरात तो नादेजशी लग्न करणार आणि माहेला राहायला जाणार. ओदिल भांडली. नवऱ्यामागे एकटीनं वाढवलेला एकुलता एक मुलगा, तीही काय बोलू नये ते बोलली. तो डबा न घेताच गुहेकडे गेला. सांजेला, दिवस बुडता बुडता, ती मागच्या पायरीवर बसली असताना शिळांकडून हाक आली. "आई." मग थोड्या वेळानं पुन्हा. मग तिसऱ्यांदा. रोज तो असाच हाका मारायचा, भूक लागली की, डबा घेऊन ये म्हणून. ओदिलला वाटलं, आता बरी आई आठवली. तिनं ओ दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फुल्बेरला तो गुहेच्या तोंडाशी सापडला, घसरलेल्या शिळेखाली.

हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, पाद्र्यालाही नाही. गावातल्या बायका अवचित मेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं कुजबुजल्या, की तो मेलेलाच नाही, कुणीतरी त्याला नेलाय, शवपेटीत नुसता केळीचा बुंधा आहे. ओदिल ते ऐकून घ्यायची. तिला ठाऊक होतं त्यापुढे ते काहीच नव्हतं.

पाचच्या सुमाराला दोघी गुहेकडे निघाल्या. रेमी गेल्यापासून पाकोळ्या मोजायचं काम ओदिलच करत होती. एका खिशात वालाचे दाणे, एक पाकोळी बाहेर पडली की एक दाणा दुसऱ्या खिशात. वाट दालचिनीच्या झाडांतून जायची. झाडं संपली की वास बदलायचा. ओल्या मातीचा, शेवाळाचा आणि आतून येणारा तो उग्र, नाकाला झोंबणारा विष्ठेचा वास. शिळा घरांएवढाल्या, एकीवर एक रेललेल्या, आणि त्यांच्या फटीतून इतका गार श्वास बाहेर यायचा की घोट्यापाशी कुणी फुंकर घालतंय असं वाटावं.

नादेजनं ऐकण्याची पेटी काढली. पाकोळ्यांचा उंच आवाज ती माणसाच्या कानाजोगा खाली उतरवून ऐकवायची. उजेड जांभळा झाला, आणि पहिली पाकोळी निघाली. पेटीतून टिक टिक टिक असा कोरडा आवाज आला. मग दुसरी. मग चार एकदम. ओदिलचे दाणे या खिशातून त्या खिशात जात राहिले.

"एकतीस," ती म्हणाली. "झाल्या."

पेटी गप्प झाली. शिळांमध्ये पाणी कुठेतरी ठिबकत होतं.

आणि मग पेटीतून एक बारीक, चिरका सूर आला. थांबला. पुन्हा आला. थांबला. पुन्हा आला.

नादेजनं भुवया आवळल्या. "हे पिल्लू आहे."

"जुलैत?"

"तेच म्हणतेय. पिल्लं इथल्या पावसाळ्यात होतात, नोव्हेंबर-डिसेंबरात. आत्ता पिल्लू असूच शकत नाही..." तिनं बटण दाबून पेटी बंद केली. "बॅटरी वाचवू. सकाळी बघू."

पेटी बंद झाली, पण ओदिलला तो सूर ऐकू येतच होता. उघड्या कानांनी. तीन वेळा, मग खंड, मग तीन वेळा.

"मावशी... कुठे चाललात?"

ओदिल आडवी होऊन फटीतून आत सरकली होती. आतली जमीन मऊ होती, पाय घोट्यापर्यंत रुतत होते. तिनं दिवा भिंतीवर फिरवला. पाकोळ्या इतर वटवाघळांसारख्या उलट्या लोंबत नाहीत, छातीनं दगडाला चिकटून बसतात, आणि प्रत्येकीची जागा ठरलेली असते. बसून बसून दगडावर काळपट डाग पडले होते, हाताच्या अंतरावर एकेक. सगळे रिकामे. पिल्लू कुठेच नव्हतं. आवाज थांबला होता. तो जिथून येत होता तिथं, कंबरेएवढ्या उंचीवर, एका चिरेत तिचा हात गेला आणि बोटांना प्लास्टिक लागलं. बाहेर काढलं तर पिशवीत गुंडाळलेली मुठीएवढी एक डबी. वर रेमीच्या अक्षरात तारीख होती. गेल्या वर्षीची, ऑगस्टची, तो गेला त्याच दिवसाची.

बाहेर येऊन तिनं ती नादेजच्या हातात दिली. नादेजनं ती उलटसुलट पाहिली. "आवाज टिपणारी डबी आहे. काही वाजलं की आपोआप चालू होते... ही कुणाला सापडलीच नव्हती."

परतताना दालचिनीच्या झाडांत ओदिल थांबली. तिला आता पुढे चालवेना.

"यात त्याची हाक असेल," ती म्हणाली. "तू ऐकण्याआधी माझ्या तोंडून ऐक. त्यानं मला बोलावलं होतं. तीन वेळा. मी रागात होते. गेले नाही. गेले असते तर..."

नादेजनं डबी जाकिटाच्या खिशात घातली. मग म्हणाली, "कधी?"

"दिवस बुडताना. सव्वासहा, साडेसहा."

"मावशी, ते शक्य नाही." नादेजनं तिचे दोन्ही हात धरले. "मी डॉक्टरांचा कागद वाचलाय. शिळा पडली तेव्हा त्याचं घड्याळ फुटलं. दोन वाजून तेरा मिनिटं. मान मोडली होती, त्याच क्षणी गेला. सांजेपर्यंत त्याला जाऊन चार तास झाले होते. त्यानं तुम्हाला हाक मारलीच नाही. तुमची काही चूक नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही हे?"

"कळ न लागता गेला म्हणाले. मला वाटलं, बरं वाटावं म्हणून म्हणतात." वेळ विचारायचं धाडस ओदिलला कधी झालं नव्हतं.

नादेजला वाटलं, आता ही बाई मोकळी होईल. पण ओदिल तिथंच, वाटेवर, मटकन खाली बसली. अकरा महिने त्या तीन हाकांनी तिला जाळलं होतं, पण त्या तिच्या होत्या. भांडून गेलेल्या मुलानं शेवटी आईलाच बोलावलं होतं. आता तेही गेलं. तो तिला न बोलावताच गेला, रागातच गेला.

"मग मला हाक मारली कुणी?" असं तिनं एकदा विचारलं, पण नादेजला नव्हे. नादेज तिच्या शेजारी चिखलात बसली आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. रेमीच्या मागे राहिलेल्या त्या दोघी पहिल्यांदाच एकत्र रडल्या.

सकाळी ओदिल गवती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा नादेज ओसरीवर संगणक उघडून बसली होती. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसावा. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"शिळा पडल्याचा आवाज आहे," ती म्हणाली. "दोन तेराला. त्यानंतर सात मिनिटं काही नाही. आणि मग हे आहे." पडद्यावर रेघोट्यांची एक रांग होती. "इथल्या पाकोळीचा सूर या पट्टीत येतो. माहेच्या पाकोळीचा जरा वर. हा त्याच्याही वर आहे. मी जगातल्या सगळ्या नोंदी लावून पाहिल्या, कुठल्याच जातीत बसत नाही. म्हणून मी तो दहापट सावकाश केला, पाकोळ्यांचा करतो तसा..."

"लाव."

"मावशी, नको वाटतंय मला."

"लाव म्हणते ना."

आधी नुसती खरखर. मग एक बाईचा आवाज, अगदी जवळून, तोंड डबीला लावून बोलावं तसा.

*आले रे, मासुल्या. आले. हलू नकोस... इथंच आहे मी.*

ओदिलच्या हातातला पेला कलंडला आणि चहा पायांवर सांडला. तो आवाज तिचा होता. मासुल्या हे नाव तिनं रेमीला तो अंगावर पीत होता तेवढेच दिवस लावलं होतं. ते नादेजला माहीत असायचं कारण नव्हतं. रेमीलाही आठवत नसेल.

"दोन वीसला सुरू होतं," नादेज कुजबुजली. "दोन चौतीसपर्यंत. मधेमधे थांबून. शेवटी 'झोप आता' असं आहे. तुम्ही तेव्हा कुठे होता?"

"इथं. खोबरं किसत होते. फुल्बेर समोर बसला होता, विचार त्याला."

"इतक्या उंच सुरात माणसाचा घसा बोलूच शकत नाही. गुहेत कुणी असतं तरी त्याला काही ऐकू आलं नसतं."

"त्याला आलं असेल का गं?"

नादेजनं पडद्यावरच्या रेघोट्या पुन्हा एकदा पाहिल्या. मग ती म्हणाली, "चौदा मिनिटं कुणी बोलत होतं म्हणजे... डॉक्टर म्हणतात तसा तो लगेच गेला नसावा."

ओदिलनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हात तसेच ठेवून तिनं विचारलं, "आणि सांजेच्या हाका?"

"पाहिलं मी. सहापासून सातपर्यंत पाकोळ्या आहेत नुसत्या. दुसरं काहीच नाही."

दुपारच्या बोटीनं नादेज परत गेली. डबीतल्या पाकोळ्यांच्या नोंदी उतरवून घेऊन ती तिनं ओदिलकडेच ठेवली. तो आवाज ती कामात धरणार नाही म्हणाली, त्याला नाव काय देणार. धक्क्यावर ओदिलनं तिच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावून दिली. "डिसेंबरात ये," ती म्हणाली. "इथंच ये."

सांजेला ओदिल नेहमीसारखी गुहेपाशी उभी राहिली. वारा पडला होता. पाकोळ्या निघायला लागल्या. एक, दोन, पाच. एकेक दाणा सरकत होता. त्या शिळांवरून उठून माडांच्या शेंड्यांपर्यंत जायच्या आणि तिथून किड्यांमागे जिकडे तिकडे पांगायच्या. एकोणिसावा दाणा तिच्या बोटांत होता तेव्हा आतून हाक आली.

"आई."

तिनं श्वास धरला. थंड हवा पायांवरून वाहत होती. थोड्या वेळानं पुन्हा. मग तिसऱ्यांदा, आणि या वेळी जरा दमलेली.

तो रेमी नाही, हे तिला माहीत होतं. कोण आहे ते माहीत नव्हतं. पण हाक पोराची होती, आणि ओ न देता दुसऱ्यांदा तिथून वळणं तिला जमण्यासारखं नव्हतं. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि सगळा जीव गळ्यात आणून ओरडली, आले रे.

तिच्या गळ्याच्या शिरा ताणल्या, जबडा दुखला, पण आवाज आला नाही. निदान तिच्या कानांना तरी काहीच ऐकू आलं नाही. फक्त वर, माडांपर्यंत पांगलेल्या एकोणीसच्या एकोणीस पाकोळ्या एका क्षणी वळल्या आणि तिच्याकडे यायला लागल्या.