पाणबुडीवरचा गंज

"अगं, गंज कुठं गेला?" हिरानं विचारलं.

दिवाळीच्या सुट्टीत लोणावळ्याच्या शाळेत प्रदर्शन भरणार होतं. लैला, हिरा आणि टाकव्याहून मावशीकडे आलेला शिदू टेबलं मांडायला आले होते. लैलानं काल ठेवलेली लाकडी पाणबुडी जागच्या जागी होती, पण अंगभर काळीकुट्ट.

लैलाच्या मोठ्या भावानं, नौदलातल्या इब्राहिमनं, ती रजेवर असताना केली होती. अर्धी रजा त्यानं गंज रंगवण्यातच घालवली. "समुद्रातून आलेली पाणबुडी कोरी करकरीत कशी दिसेल?" म्हणायचा. गेरूचे बारीक ओघळ, मिठाचे पांढुरके डाग आणि झाकणापाशी चुकून उमटलेला त्याचा अंगठा. उन्हाळ्यात विशाखापट्टणमला तो तापानं दगावला. लैला तेव्हा रडली नव्हती. आत्ताही तिला काहीच वाटेना. सगळं कसं बधिर झालं होतं.

"रड तरी," हिरा म्हणाली. "मी असते तर शाळा डोक्यावर घेतली असती."

"येत नाही रडू."

शिदूनं पाणबुडीवर बोट ओढलं. ते काळं झालं. मग दुसरं बोट भिंतीवरच्या फळ्यावर ओढलं. तेही काळं!

"ह्यो तर फळ्याचा रंग हाय. कोळसा अन् माक्याचा पाला. आमच्या शाळंत आमीच वाटतो की."

"फळे तर काल हेडमास्तरांनीच काळे केले," हिरा म्हणाली. "शिपाई रजेवर आहे ना."

"मंग पान्यानं निघंल."

"आणि खालचा गंजही निघाला तर?" लैलानं विचारलं.

भावाच्या हातचं तिच्याकडे एवढंच उरलं होतं.

"भाईनं शेवटी वरून रोगण दिलं होतं," ती आठवत म्हणाली. "डबा मीच धरला होता. पण सगळीकडे लागलं का, माहीत नाही."

तिनं फडकं ओलं करून आधी पाणबुडीच्या पोटाखाली, दिसणार नाही तिथं लावलं. मग वरून खाली, पाणी ओघळतं तसं. भाई तसंच पुसायला सांगायचा. काळं उतरलं आणि खालून गेरूचा ओघळ दिसला. मग दुसरा. सगळ्यात शेवटी अंगठा.

"लय भारी," शिदू हळूच म्हणाला.

इतक्यात यंदाच बदलून आलेले हेडमास्तर आत आले. "अरे, पुन्हा गंजवली? पाहुणे येणार म्हणून काल मी चांगला हात फिरवला होता."

"सर, लैलाच्या भावानं केलीय ती. तुम्हीच पुसून बघा ना," हिरा साळसूदपणे म्हणाली.

सरांनी पांढरा रुमाल काढून खसाखसा घासला. रुमाल पांढराच राहिला. त्यांनी चष्मा सारखा करून पाणबुडी डोळ्यांजवळ नेली.

"हा रंग आहे? कमाल आहे. आणि मी न विचारता फासून मोकळा झालो. चुकलंच माझं. शाब्बास रे तिघांनाही, नीट शोधलंत आणि वाचवलंत. ही पहिल्या टेबलावर ठेवा. आणि लैला, भावाला सांग, पुढच्या वर्षी शाळेसाठी एक कर म्हणावं."

"सर, भाई वारला," लैला म्हणाली.

हे वाक्य तिनं उन्हाळ्यापासून एकदाही उच्चारलं नव्हतं. सरांनी रुमाल पुढे केला. लैलाच्या हातांना कोळसा लागला होता. डोळे पुसता पुसता तिनं तो सबंध रुमाल काळा करून टाकला.