मांडून ठेवलेली गादी

मार्चअखेर आमचा पेपर बंद पडला. पेपर बंद पडल्याची बातमी छापायला पेपर नव्हता, त्यामुळे ती फारशी कुणाला कळली नाही. निदान माझी तशी समजूत होती. एकवीस वर्षं मी चौथ्या पानावर रोज अडीचशे शब्दांचा विनोद करत आलो होतो. खड्डे, पुढारी, पाण्याचे टँकर आणि विमानतळ एवढेच माझे विषय. एकट्या विमानतळावर दीडशे विनोद केले असतील. शेवटी विमान उडायच्या आधी पेपर उडाला.

त्याच आठवड्यात पद्मजा, म्हणजे माझी बायको, नाशिकला गेली. आमची मुलगी पूर्वी, तिचं पहिलं बाळंतपण होतं. पद्मजाला सांगायचं राहून गेलं. पूर्वीच्या डोक्याला ताण नको, असं कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण असं, की पद्मजा रागावत नाही. ती नुसतं ऐकून घेते. ते मला झेपलं नसतं.

म्हणजे पगार चालू राहणं भाग होतं. पगार जमा होतो ते खातं दोघांच्या नावावर, आणि जमा झाल्याचा मेसेज तिच्या मोबाइलवर जातो.

बावन्नाव्या वर्षी माणसाला घरबसल्या दोनच धंदे येतात, सल्ला देणं आणि पत्ते खेळणं. सल्ल्याला आमच्या सुकापुरात गिऱ्हाईक नाही. रमी मात्र मी बरी खेळतो. पनवेल तालुक्यात गणपतीच्या जागरणाला ज्याला रमी आली नाही, तो बहुधा गणपतीत गावाला नव्हता. मोबाइलवरची पैशांची रमी तेव्हा अजून कायद्यात बसत होती. आठवडाभर मी नुसतं निरीक्षण केलं. माणूस सर्वांत वाईट कधी खेळतो? त्याच्या झोपेच्या वेळी. रात्री तीनला दारू उतरलेले, पहाटे पाचला रात्रपाळी संपवून आलेले, दुपारी तीनला जेवून सुस्तावलेले. सगळे देशभरातून एका टेबलावर येतात आणि हातचा जोकर टाकून देतात. त्या प्रत्येक वेळी आपण टक्क जागे असलो की झालं.

झोपेचा तक्ता मला इंटरनेटवर मिळाला. दर चार तासांनी वीस मिनिटं. दोन, सहा, दहा, पुन्हा दोन, सहा, दहा. दिवसाकाठी दोन तास झोप, बाकी बावीस तास तुमचे. तक्ता लिहिणाऱ्याने शेवटी असंही लिहिलं होतं, की त्याने हे सोडलं. कारण इतरांना झोपायचं असतं. हे वाक्य मला तेव्हा विनोदी वाटलं.

पहिले दहा दिवस वाईट गेले. मी चहात मीठ घातलं. बँकेच्या रेकॉर्ड केलेल्या बाईचे आभार मानले. वीस मिनिटांचा गजर झाला की आपण कोण आणि हे घर कुणाचं, हे आठवायला दोन मिनिटं जायची. अकराव्या दिवशी ते सगळं थांबलं. मी पडायचो, झोप दिवा मालवल्यासारखी यायची, आणि गजराच्या आधी सेकंदभर डोळे उघडायचे. आमच्या डबलबेडवर दोन वेगळ्या गाद्या आहेत. तिची खिडकीकडे, माझी दाराकडे. माझी गादी मी तशीच ठेवायचो, चादर फेकलेली, उशी वाकडी. दिवसातून सहा वेळा अंथरूण आवरायचं तर झोपायचं कधी?

तीस एप्रिलला मी जिंकलेल्या पैशांतून पगार भरला. पुढे तीन दिवसांनी नाशिकहून फोन आला, पूर्वीला मुलगा झाला. सगळं कसं ठरवल्यासारखं चाललं होतं.

गादी गरम लागली ती मेच्या दुसऱ्या आठवड्यात.

पनवेलमध्ये मे महिन्यात गादी गरम लागली म्हणून कुणी गोष्ट लिहीत नाही. मीही लिहिली नसती. पण ती सगळी गरम नव्हती. मधोमध, खांद्यांपासून गुडघ्यांपर्यंत. रिक्षातून कुणी उतरल्यावर लगेच आपण बसलो की सीट लागते, तशी. उशीवर लाळेचा डाग होता, हाताला ओला लागला. मी त्या उशीवरून चार तासांपूर्वी उठलो होतो.

मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो तेव्हा करोनात एक ताप मोजायची बंदूक घेतली होती. ती माझ्याच कपाटात राहिली. दुपारी दोनला, पडायच्या आधी, मी ती बाहेर काढली. फरशी एकतीस. भिंत बत्तीस. पद्मजाची गादी एकतीस. माझी गादी छत्तीस पूर्णांक चार. यंत्र बिघडलं असेल म्हणून मी ते स्वतःच्या कपाळाला लावलं. चौतीस.

यंत्र बिघडलं आहे, असा मी निष्कर्ष काढला. मग वीस मिनिटं झोपलो, कारण वेळ झाली होती.

त्या आठवड्यात मी इतका जिंकलो, की दोन टेबलांवर लोकांनी मला शिव्या लिहून पाठवल्या.

एका संध्याकाळी पाचच्या सुमारास पद्मजाचा फोन आला. बाळाला सर्दी, पूर्वीची सासू आणि शेजारच्या लग्नाचं जेवण असं सगळं सांगून झालं. मग ती थांबली.

"कोण घोरतंय रे?"

"कुठे?"

"तिकडे. तुझ्या मागे."

मी बेडरूमच्या दारात उभा होतो. पलंगावर कुणी नव्हतं. पंख्याखाली चादरीचं टोक हलत होतं. मला काहीच ऐकू येत नव्हतं.

"टीव्ही असेल," मी म्हणालो.

"टीव्हीवर घोरण्याची बातमी आहे का? अगदी तुझ्यासारखं आहे. मध्ये मध्ये अडकतंय."

"शेजारचे असतील."

"बघ बाई. कसला गाढ झोपलाय," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात मला थोडा हेवा जाणवला. बाळ झाल्यापासून तीही झोपली नव्हती.

मी खाली उतरलो. आमची बिल्डिंग ज्या शेतावर आहे ते काशीराम म्हात्र्यांचं. त्यांना बदल्यात चार फ्लॅट मिळाले, पण ते दिवसभर गेटपाशी वॉचमनच्या खुर्चीवर बसतात आणि पगारी वॉचमन अदबीने बाजूला उभा राहतो. वय पंच्याऐंशीच्या पुढे. तरुणपणी ते खाडीवर मामाबरोबर मिठागरात राखणीला होते.

"काय पेपरवाले," ते म्हणाले, "तुमचे घरची लाइट रातभर चालू. झोपत नाय का?"

"झोपतो ना बाबा. दिवसातून सहा वेळा. थोडं थोडं."

मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत.

"आमी पन तसाच झोपायचो," ते म्हणाले. "उघाडीवर. बांधाला दार असतं ना, खाडीचा पानी आत घ्यायचा, त्याला उघाडी बोलतात. भरती आली का उठायचा, दार बघायचा, परत पडायचा. रातीचे चार-पाच टायमाला."

"त्रास नाही झाला कधी?"

"तरास कसला? उठलो का आंथरून गुंडालायचा. पडायचे टायमाला परत मांडायचा."

"दर वेळी?"

"दर टायमाला. अर्धी झोप टाकून उठलेल्याचा आंथरून मांडून ठेवीत नाय."

"का बरं?"

जेवणाआधी हात का धुवायचे ते विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नाय ठेवीत," ते म्हणाले.

"आमची गादी सहा इंची आहे. ती गुंडाळत नाही."

"मंग उभी करायची." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "किती दिस मांडून हाय?"

"दीड महिना होईल."

वॉचमन रस्त्याकडे बघू लागला. काशीरामबाबांनी पायाखालची चप्पल नीट केली.

"मामानी एकदा ठेवलेला," ते म्हणाले. "बांध फुटाय लागलेला, घाईत पलाला तो. नंतर जागाच."

"किती दिवस?"

"वारला तवापरेंत. तेवीस वर्सं." मग त्यांना मामाबद्दल वाईट बोलल्यासारखं वाटलं असावं. "पन राखनदार लय चांगला. मिठागराला फायदाच झाला."

वर येऊन मी गादी उचलली. पद्मजा असती तर म्हणाली असती, एवढ्या वर्षांत कधी घरातली गादी उन्हात टाकली नाहीस. मी ती भिंतीला उभी केली. तिचं वजन मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच जास्त होतं. सहाची वेळ झाली तेव्हा फरशीवर चटई टाकली आणि पडलो.

झोप आली नाही. वीस मिनिटांनी गजर झाला. चटई गुंडाळून मी उठलो.

दहाला आली नाही. दोनलाही नाही.

हे तीन दिवस चाललं. अठरा वेळा मी चटई मांडली आणि अठरा वेळा गुंडाळली. थकवा होता, हाडांत ओल शिरावी तसा होता. पण झोप ही वस्तू आपल्या घरात आता नाही, एवढं मला कळत होतं. गॅस संपल्यावर शेगडीची कळ फिरवत राहावं तसं मी डोळे मिटत होतो. टेबलावर मात्र पत्ते असे येत होते, की मला जिंकायचा कंटाळा आला.

चौथ्या दिवशी मी गादी परत पलंगावर आडवी टाकली. नवी चादर घातली, उशीचा अभ्रा बदलला. शहाण्या माणसाने चूक दुरुस्त करताना करावं तसं सगळं केलं. मग बंदूक आणली.

तीस.

मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. परत आलो.

पस्तीस.

चादरीवर एकही सुरकुती नव्हती. उशीत मात्र खड्डा होता.

मी कपाळाला बंदूक लावली नाही.

जूनच्या पहिल्या रविवारी पद्मजा परत आली. मासेमारी बंद होती, म्हणून तिने सुकट केली आणि तांदळाच्या भाकऱ्या. जेवताना मी तिला सगळं सांगितलं. म्हणजे पेपर, रमी, पगार. गादीचं सांगितलं नाही. मोबाइलवरून तो खेळ तिच्यासमोर काढून टाकला, आणि आता पगार येणार नाही असं म्हणालो.

तिने ऐकून घेतलं. सुकटीतली कैरीची कोय चोखून ताटाच्या कडेला ठेवली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"कसं?"

"तीस तारखेला पगार आला. एकवीस वर्षांत कधी दहा तारखेच्या आत आलाय का?"

मी भाकरीचा शेवटचा तुकडा मोडला.

"मला वाटलं, सांगशील. मग वाटलं, लाजतोय तर लाजू दे." तिने माझ्या पानात अर्धी भाकरी वाढली. "शिकवण्या घेऊ. मी घेते, तू मराठीच्या घे. दहावीच्या पोरांना विनोद समजत नाहीत, तुला त्रास होणार नाही."

गेल्या दोन महिन्यांत मी पहिल्यांदाच हसलो. तिने हात धुतला आणि तोच ओला हात माझ्या कपाळाला लावला.

"किती गार पडलायस. डोळे बघ. आता काही करू नकोस. चल, पड माझ्याशेजारी. नुसता झोप."

जगात त्या क्षणी मला दुसरं काहीही नको होतं.

दुपारचे अडीच वाजले होते. तिने पडदा ओढला, पंखा तीनवर केला आणि ती खिडकीकडच्या गादीवर भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मी माझ्या गादीवर पडलो. अगदी दाराकडच्या कडेला चार बोटांची गार पट्टी होती, तेवढ्यावर. पाठीला ऊब लागत होती. मी वळलो नाही.

पाच मिनिटांत तिचा श्वास संथ झाला.

मी पडद्याच्या फटीतली उजेडाची रेघ बघत होतो. ती कपाटाच्या एका मुठीवरून दुसऱ्या मुठीपर्यंत सरकली. पाठीमागचा श्वास दोघांचा होता. एक तिचा. दुसरा मध्ये मध्ये अडकत होता. आता तो मलाही ऐकू येत होता.

मी आवाज न करता उठलो आणि बाहेर डायनिंग टेबलाच्या खुर्चीवर येऊन बसलो. जेवणाची उष्टी पानं अजून तशीच होती. खालून काशीरामबाबांच्या खोकल्याचा आवाज आला. बेडरूमचं दार अर्धं उघडं होतं. तिथून पलंगाचं फक्त पायथ्याचं टोक दिसत होतं.

थोड्या वेळाने आतून तिचा झोपाळू आवाज आला.

"सरक ना जरा तिकडे."

मी खुर्चीवर सरकलो.

आत पलंग करकरला.

"हां," ती म्हणाली. "बास."